ब्राउझरमधल्या सिंथवर वारा आणि तानपुरा कसा काढायचा? (एकांकिका आहे, अर्जंट)

घाबरलेला_बॅकस्टेज
नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय. कॉलेजच्या एकांकिकेचं म्युझिक माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर मला पेटी थोडीफार येते. गडावरच्या एका रात्रीची गोष्ट आहे, वारा सतत पाहिजे, कधी भणाण कधी नुसता कानापाशी, आणि मधे तानपुरा. वाऱ्याची एक क्लिप डाउनलोड केली होती पण त्यात चाळिसाव्या सेकंदाला कुत्रं भुंकतं, लूप केली की दर चाळीस सेकंदांनी तेच कुत्रं, तालमीत सगळे डायलॉग सोडून कुत्र्याची वाट बघत बसतात.
मग मित्र म्हणाला ब्राउझरमध्ये सिंथ (बटणं फिरवून आवाज घडवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) असतो, इन्स्टॉल काही करावं लागत नाही. ते बरंच आहे कारण लॅपटॉप ताईच्या ऑफिसचा. उघडला तर बटणांचं जंगल, ऑसिलेटर कटऑफ रेझोनन्स एलएफओ, दोन तास फिरवून एक आवाज निघाला तो मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा. वर कधीकधी कीबोर्डवरून सूरच वाजत नाही, तीन बटणं एकदम दाबली की तिसरं मुकं, कधी एखादा सूर अडकतो तो थांबतच नाही, आणि जे वाजतं ते उशिरा वाजतं. पंधरा दिवस राहिलेत.

पांढरी_दोन
वाऱ्यापुरतं सांगतो. ऑसिलेटर (सूर तयार करणारे भाग) सगळे शून्यावर आण, फक्त नॉइज ठेव. व्हाइट नॉइज म्हणजे रेडिओचं स्टेशन सुटल्यावर येतो तो खरखराट, त्यात सगळ्या पट्ट्या एकदम असतात, वारा त्यातून कोरून काढायचा. फिल्टर बँडपास कर म्हणजे मधलाच एक पट्टा ऐकू येईल, कटऑफ (तो पट्टा कुठे ठेवायचा ते) ४०० हर्ट्झच्या आसपास, आणि रेझोनन्स (त्या जागेचा उठाव) हळूहळू वाढव, एका जागी खिडकीच्या फटीतून येते तशी शीळ ऐकू येईल, तिथे थांब. अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) २ सेकंद आणि रिलीज (बटण सोडल्यावर विरायला लागणारा) ४ ठेव म्हणजे वारा स्विच दाबल्यासारखा सुरू होणार नाही.
आता सगळे सांगतात कटऑफला एलएफओ (आपोआप सावकाश वर-खाली हलवणारा भाग) लाव, ०.१ हर्ट्झ म्हणजे दहा सेकंदांत एक हेलकावा. लाव, पण अगदी थोडा. एलएफओ ठरल्या वेळेलाच येतो, दोन मिनिटांत प्रेक्षकाच्या कानाला कळतं, म्हणजे परत तुझं कुत्रंच. त्यापेक्षा एका हाताने कीबोर्डचं बटण दाबून धर आणि दुसऱ्या हाताने माउसने कटऑफ फिरव, ३०० ते १००० च्या मधे, स्टेजवरच्या माणसाकडे बघत. भणाण पाहिजे तेव्हा कटऑफ वर आणि रेझोनन्स जास्त, कानापाशी पाहिजे तेव्हा दोन्ही खाली.

जुना_केबलवाला
सूर वाजत नाही तेव्हा तुझा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो, पैज लावतो. यातल्या बऱ्याच साइट अक्षर कुठलं आलं ते बघतात, इनस्क्रिप्टमध्ये (मराठी कीबोर्डची मांडणी) ए दाबलं की त्यांना ओकाराची मात्रा मिळते, त्या बिचाऱ्या काय वाजवणार. इंग्रजीवर घे. (मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवलाय, म्हणून माहीत.)
तिसरं बटण मुकं हा सिंथचा दोष नाही. लॅपटॉपच्या कीबोर्डची वायरिंग जाळीसारखी असते, काही तीन बटणं एकत्र दाबली तर त्याला ओळखताच येत नाहीत. कोणाकडून यूएसबी मिडी कीबोर्ड (कॉम्प्युटरला जोडायची पेटीसारखी पट्ट्यांची फळी) उसना मिळाला तर बघ, क्रोममध्ये तो चालवणारं वेब मिडी २०१५ पासून आहे, परवानगी विचारेल ती दे. आयपॅडवर सफारीत नाही चालणार. सूर अडकतो कारण बटण दाबलेलं असताना तू दुसऱ्या विंडोत जातोस, बोट उचलल्याचं सिंथला कळतच नाही, परत येऊन तेच बटण दाबून सोड.
उशीर म्हणशील तर ब्लूटूथ स्पीकर आहे का? ब्लूटूथ एकटाच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो. सरळ वायर लाव. आणि प्रयोगाच्या आधी पानावर एकदा क्लिक कर, ब्राउझर त्याशिवाय आवाज सुरू करू देत नाही. जमलेल्या सेटिंगचा मोबाइलने फोटो काढून ठेव, रिफ्रेश झालं की काही साइटवर सगळं पुसलं जातं.

घाबरलेला_बॅकस्टेज
अहो ब्लूटूथच होता!! आणि मराठी कीबोर्डपण!! काका तुम्ही ज्योतिषी आहात का

षड्जावर_बसलेली
तानपुऱ्याची फुकट ॲप पडलीत ढिगाने, सिंथवर का मारतोयस?

घाबरलेला_बॅकस्टेज
ताई, शेवटी त्या म्हाताऱ्याचं डोकं फिरतं तेव्हा तानपुरापण हळूहळू बेसूर व्हायला पाहिजे असं दिग्दर्शकाचं म्हणणं आहे. ॲप बेसूर होत नाही.

षड्जावर_बसलेली
अरे मग सिंथच बरोबर. पट्टी काळी एक धरते, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा. दोन सॉटूथ (खरखरीत, भरीव आवाजाचे) ऑसिलेटर, दुसऱ्याचा डिट्यून ५ सेंट, म्हणजे सूर किंचित सरकवलेला (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट). अटॅक जवळजवळ शून्य, डीके (चढलेला आवाज उतरायचा वेळ) ५ सेकंद, सस्टेन (बटण धरून ठेवलं तर टिकणारा आवाज) शून्य, म्हणजे तार छेडल्यासारखी विरत जाईल. पंचम, सा, सा, खर्ज (खालच्या सप्तकाचा सा), सावकाश. जिवारीसाठी (तानपुऱ्याच्या तारेची ती झणझण) लो-पास फिल्टरला (वरचे सूर कापणारा) वेगळं एन्व्हलप (अटॅक-डीकेचा संच) दे आणि त्याचा अटॅक अर्धा सेकंद ठेव, छेडल्यानंतर जरा वेळाने आवाज फुलतो ना, ते त्यातून येतं.
आता गंमत. तानपुऱ्यात गंधार सहसा कुणी लावत नाही, तो खर्जाच्या तारेतून आपणहून ऐकू येतो, कारण तारेच्या मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट असे बारीक सूरही वाजतात (स्वरांश), आणि पाचवा स्वरांश गंधाराचा असतो. काळी एकचा खर्ज ६९.३ हर्ट्झ, त्याच्या पाचपट ३४६.५. कटऑफ तिथे आण, रेझोनन्स चढव, गंधार डोकं वर काढतो की नाही बघ. गंधाराचं बटण मात्र दाबू नकोस, कीबोर्डचा गंधार पियानोचा, या गंधारापेक्षा १४ सेंट चढा, दोन्ही एकदम वाजले की दात शिवशिवतात. म्हाताऱ्याचं डोकं फिरेल तेव्हा डिट्यून ५ वरून ४० पर्यंत ने, अगदी हळू.

पांढरी_दोन
वा, हे मलापण माहीत नव्हतं. @बॅकस्टेज, बटणं एकेक करून समजून घ्यायची असतील तर एबल्टनचं लर्निंग सिंथ्स बघ, ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे. मला हा नाद २०१२ मध्ये लागला, रॉबर्ट मूगच्या ७८व्या जयंतीला गूगलने डूडलमध्येच वाजणारा सिंथ दिला होता, त्या दिवशी ऑफिसचं काम शून्य.

घाबरलेला_बॅकस्टेज
काल तालीम झाली. गंधार ऐकू आला!! हार्मोनियमच्या सरांना बोलावून ऐकवला. वारापण जमला पण त्यात म्हाताऱ्याचे डायलॉग बुडाले, तो बोलायला लागला की मी कटऑफ २५० च्या खाली ओढतो, आता चालतंय. एकच भानगड, सगळ्यांना कुत्र्याची सवय झालीय, दिग्दर्शक म्हणतो दुसऱ्या प्रवेशात एकदा तरी भुंकलंच पाहिजे. सिंथवर कुत्रं कसं करतात?

जुना_केबलवाला
विंगेत उभा राहा आणि तोंडाने भुंक.