"अमेरिकेत कसली आलीय उपासमार?" या पोस्टला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

खाणीतला_डॉक्टर

पंतांची पोस्ट वाचून दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकी सरकारच्या शटडाऊनमुळे (कामकाज ठप्प झाल्यामुळे) नोव्हेंबर २०२५ चे स्नॅपचे, म्हणजे गरिबांना किराण्यासाठी मिळणारे सरकारी पैसे अडकले, टीव्हीवर फूड पॅन्ट्रीच्या (फुकट शिधा वाटणाऱ्या केंद्रांच्या) रांगा दाखवल्या, त्या रांगेत पंतांना पिकअप ट्रक दिसले, लोकांच्या हातात आयफोन दिसले आणि माणसं "आपल्या दुप्पट अंगाची" दिसली. सबब भूक वगैरे काही नाही, फुकट आहे म्हणून गर्दी आहे.

पंत, मी जे-वन वेव्हरवर (व्हिसाची सवलत, बदल्यात परदेशी डॉक्टरने डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं) तीन वर्षं वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण टोकाला काढलीत. मॅकडॉवेल काउंटी (आपल्याकडचा जिल्हा म्हणा) शेजारीच, निम्मे पेशंट तिकडचे. १९५० साली त्या काउंटीत लाखाच्या आसपास वस्ती होती, २०२० च्या जनगणनेत १९ हजार. कोळसा गेला, त्यामागे माणसं गेली, मग दुकानं. २०१६ ला वॉलमार्टही बंद झालं, आणि तिथल्या पॅन्ट्रीला माल त्याच वॉलमार्टकडून यायचा, म्हणजे दुकान आणि दान एका फटक्यात गेलं. आणि ऐका, केनेडीच्या काळात १९६१ ला फूड स्टॅम्प (स्नॅपचं जुनं नाव) परत सुरू झाले तेव्हा पहिले स्टॅम्प याच काउंटीतल्या पंधरा माणसांच्या एका घराला दिले होते, ९५ डॉलरचे. साठ वर्षांवर झाली, रांग तिथेच आहे.

आता तुमचा पिकअप ट्रक. बस नाही हो तिथे. धड भाजी मिळेल असं दुकान डोंगर ओलांडून पस्तीस-चाळीस मिनिटांवर. ट्रक विकला तर महिनाभर जेवाल, पण त्या महिन्यातच नोकरी जाईल. आणि फोनचं म्हणाल तर स्नॅपचा इंटरव्ह्यूसुद्धा फोनवरच होतो.

अंगाचं सांगतो. साठीची बाई, महिन्याची २७ का २८ तारीख, घामाने निथळत आणली, शुगर ३८. इन्शुलिन रोजच्याएवढंच घेतलं होतं, जेवली नव्हती. मी विचारलं शेवटचं कधी खाल्लंत, तर म्हणते "काल", आणि असं म्हणाली की जणू मी उगाच खोदून विचारतोय. वजन ९५ किलो. नर्सने तिच्या कोटाचा खिसा रिकामा केला तर आमच्याच कॅन्टीनमधली खारी बिस्किटं निघाली, दोन-दोनची पाकिटं, मागच्या व्हिजिटला उचललेली. ती नातवासाठी होती. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात गरीब वस्तीतल्या लोकांचे शुगर उतरल्यामुळे होणारे अ‍ॅडमिशन पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात २७ टक्के जास्त निघाले होते, मला ते वाचायची गरज पडली नाही, कॅलेंडर बघून सांगायचो आज काय येणार ते.

पंत_फ्रिमाँट

डॉक्टर, तुमचा अनुभव तुमच्यापाशी, आदर आहे. पण मीही ९८ साली दोन बॅगा आणि उसने तीनशे डॉलर घेऊन उतरलोय, चौघे एका खोलीत राहायचो, एकदाही कुणापुढे हात पसरला नाही. आणि चौघांच्या घराला स्नॅप यंदा (२०२५-२६) महिन्याला ९९४ डॉलर देतं! आमच्या घरचं वाणसामान आजही एवढ्याचं होत नाही. ५० पौंडाची तांदळाची गोणी आणा, २० पौंड डाळ आणा, एक प्रेशर कुकर घ्या, चार माणसं महिनाभर जेवतील आणि वर पैसे उरतील. प्रश्न पैशाचा नाहीये, स्वयंपाक करायचा कंटाळा आहे. दिवे घ्या (हलकेच घ्या).

रेवा_ओहायो

दिवे ठेवा तुमच्याकडेच. ९९४ ही कमाल आहे पंत, ती उत्पन्न शून्य असलेल्यांना. बाकीच्यांच्या निव्वळ उत्पन्नाच्या ३० टक्के त्यातून वजा होतात. सरासरी माणशी महिन्याला १९० च्या आसपास पडते, म्हणजे दिवसाला सहा डॉलर. तुमची कॉफी किती हो?

मी शाळेच्या कॅफेटेरियात काम करते, आमचीही काउंटी शेताडीचीच. सांगू का भूक कशी दिसते? सोमवारी नाश्त्याची रांग शुक्रवारच्यापेक्षा लांब असते. शुक्रवारी दुपारी एक मुलगा, तिसरीतला, ढगळ हूडी घालून यायचा, उन्हाळ्यातही. शेअर टेबल म्हणून एक असतं आमच्याकडे, मुलं न उघडलेलं दूध, सफरचंद वगैरे ठेवून जातात आणि ज्याला पाहिजे तो उचलतो. हा दुधाचे छोटे खोके हूडीच्या पोटखिशात घालायचा, चार-पाच, आणि दोन्ही हात पोटावर धरून बसकडे चालायचा, पोट दुखतंय असं तोंड करून. एकदा एक फुटला. कपड्यांवरून दूध गळतंय आणि तो म्हणतोय माझं नाहीये. मी काही बोलले नाही, दुसरे दोन दिले. नियमात बसतं का विचारू नका.

अण्णा_डॅलस

रेवाताई, मुलांबद्दल कुणाचंच दुमत नाही, भावनिक करू नका विषय. मुद्दा असा की आम्ही एच-वनवाले पहिल्या दिवसापासून टॅक्स भरतो आणि आम्हाला यातलं दमडी मिळत नाही. ग्रीन कार्ड मिळालं तरी पाच वर्षं थांबा. मग कामाची अट घातली तर एवढा गहजब का? महिन्याला ८० तास! आम्ही आठवड्याला ६० करतो. आणि घेतात काय त्या स्नॅपच्या कार्डावर, तर कोकची खोकी. मी स्वतः लाइनमध्ये मागे उभा राहून बघितलंय.

खाणीतला_डॉक्टर

अण्णा, कोकचं टेन्शन घेऊ नका, वेस्ट व्हर्जिनियात जानेवारी २०२६ पासून कार्डावर कोकसारखा सोडा बंदच झालाय. गरम जेवण आधीपासूनच बंद आहे, म्हणजे भाजलेली कोंबडी गार असेल तर चालते आणि गरम असेल तर नाही. साबण नाही, डायपर नाही.

८० तासांचं म्हणाल तर जुलै २०२५ च्या कायद्याने ती अट ६४ वयापर्यंत ताणली आणि मुलासाठीची सूट मूल १४ च्या आतलं असेल तरच ठेवली. आमच्याकडे नशेपायी मधली पिढीच गायब, आज्या नातवंडं वाढवतात. ६१ ची आजी, १५ चा नातू, तब्येतीचे कागद धड नाहीत, तिने कुठे ८० तास भरायचे? खाणीत?

न्यूजर्सीची_काकू

थोडं अवांतर, पण पंतांचं डाळ-तांदळाचं अगदीच चूक नाहीये हं. यांना कडधान्य खायची सवय लावली पाहिजे. आम्ही मूग भिजवून मोड आणून चार दिवस पुरवायचो. प्रोटीनही मिळतं.

खाणीतला_डॉक्टर

काकू, ते लोक पिढ्यानपिढ्या पिंटो बीन्स (राजम्यासारखं कडधान्य) शिजवून मक्याच्या ब्रेडबरोबर खातात. त्यांना कडधान्य शिकवणं म्हणजे कोल्हापूरकराला रस्सा शिकवणं. फक्त पिंटो कुकरशिवाय शिजायला दोन-तीन तास लागतात आणि प्रोपेन संपलं की संपलं. पाण्याचीही बोंब, कितीतरी लोक रस्त्याकडेच्या झऱ्यावरून कॅन भरून आणतात कारण नळाला लालसर येतं.

पंत_फ्रिमाँट

म्हणूनच कुकर म्हणतोय! कुकरमध्ये पिंटो वीस मिनिटांत होतात.

न्यूजर्सीची_काकू

वीस मिनिटांत असे नाही होत पंत, आठ तास भिजवले असतील तरच होतात. आणि पाणी जड असेल तर कितीही शिट्ट्या करा दाणा टणकच राहतो, चिमूटभर खायचा सोडा घालावा लागतो.

अण्णा_डॅलस

सोड्याने जीवनसत्त्वं जातात काकू. भिजवताना मीठ घाला.

न्यूजर्सीची_काकू

मीठ?? मीठ घातलं तर शिजतच नाहीत, माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षं सांगितलंय.

अण्णा_डॅलस

उलट आहे काकू. भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं की साल मऊ होते. विज्ञान आहे ते, सासूबाई नाहीत.

न्यूजर्सीची_काकू

माझ्या सासूबाईंवर जायचं काम नाही.

पंत_फ्रिमाँट

दोघंही चुकताय, साधं पाणी आणि इंस्टंट पॉट (विजेचा कुकर), बटण दाबा आणि विसरा. जाता जाता, परवाच सेलमध्ये होता.

रेवा_ओहायो

धन्य आहात सगळे. तिथे वीज तोडलेली घरं आहेत आणि इथे इंस्टंट पॉटचा सेल चाललाय.

सदाशिव_रिटर्न

पुण्यातून वाचतोय, मजा येतेय. इथे ८० कोटींवर लोकांना महिन्याला माणशी पाच किलो धान्य फुकट जातं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी शब्दन् शब्द हेच चालतं, रेशनच्या रांगेत मोटरसायकल कशी, हातात मोबाइल कसा. पंत तिकडे जाऊन पंचवीसवर वर्षं झाली म्हणता, पण सोसायटी काही सोडली नाहीत तुम्ही.

पंत_फ्रिमाँट

तुम्ही पुण्यात बसून आम्हाला अमेरिका शिकवू नका. मी कष्टाने वर आलोय, त्याची लाज वाटत नाही मला. इथे प्रत्येक धाग्यावर तेच, जो कमावतो तो व्हिलन. आणि डॉक्टर, तुम्हीही तीन वर्षं वेव्हरची काढून शहरातच पळालात ना? एवढा कळवळा होता तर राहायचं होतं तिथेच.

खाणीतला_डॉक्टर

हो, पळालो. तीन वर्षं आणि चार महिने. बायकोला तिच्या लायनीतली नोकरी मिळेना, मुलीला शाळा हवी होती. आता ह्यूस्टनला आहे, लॉनवाल्या घरात. हे लिहिताना तुमच्यापेक्षा मी काही वेगळा नाहीये हे माहितीये मला. पण मी पळालो म्हणून त्या बाईची शुगर ३८ ची १०० होत नाही.

आज_नवा_आयडी

कायम वाचनमात्र असतो, यासाठी वेगळा आयडी काढलाय. पंत, तुमचं "हात पसरला नाही" वाचून लिहितोय.

२०१२, एमएस, छोटं युनिव्हर्सिटी टाउन, आजूबाजूला मैलोन्‌मैल मका. दुसऱ्या सेमिस्टरला असिस्टंटशिप गेली. घरी लोन, बाबांना सांगणं शक्य नव्हतं. बायको डिपेंडंट व्हिसावर, तिला कामाची परवानगी नाही. स्नॅप आम्हाला मिळत नाही हे बरोबर आहे अण्णा, पण चर्चमधली पॅन्ट्री काही विचारत नाही. पहिल्या शनिवारी गाडी लांब लावून अर्धा तास बसलो, देशी कुणी दिसतंय का बघत. खोका मिळाला त्यात फरसबी, मका, टूना, सगळे डबे. घरी आलो तर आमच्याकडे कॅन ओपनरच नव्हता. देशी घरात कशाला असेल? मी स्क्रूड्रायव्हर आणि वरवंट्याने डबा फोडला, हिने ओढणीने हात बांधला माझा, आणि आम्ही दोघांनी ती फरसबी फोडणी देऊन खाल्ली. वरवंटा आईने बॅगेत घातलेला, त्यावर मी किती भांडलो होतो वजनावरून.

चौदा शनिवार गेलो. मोजलेत. दर रविवारी स्काइपवर आई विचारायची काय जेवलास, मी म्हणायचो फरसबीची भाजी. खोटं नव्हतं.

अण्णा_डॅलस

……बरं. कामाच्या अटीबद्दल माझं मत तेच आहे. पण वयाचं ६४ जरा जास्त होतंय हे मान्य. आणि तुला विचारायला हवं होतं कुणीतरी, एवढं मोठं देशी मंडळ असतं प्रत्येक युनिव्हर्सिटीत, काय करत होते सगळे?

आज_नवा_आयडी

मंडळाचा खजिनदार मीच होतो. गणपतीच्या प्रसादाला चारशे डॉलर मंजूर केले त्याच महिन्यात.

रेवा_ओहायो

हूडीवाल्या मुलाची आईसुद्धा आमच्याच शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे, हे मी मुद्दाम वर लिहिलं नव्हतं. तेव्हा अण्णा, कोण काय करत होतं हे विचारायचंच तर सगळ्यांना विचारावं लागेल.

न्यूजर्सीची_काकू

नव्या आयडीबाळा, फरसबीच्या फोडणीत काय घातलंस रे? डबाबंद फार मिळमिळीत लागते. ओला नारळ नसणारच. (आणि अण्णा, काल रात्री मीठ घालून भिजवले. शिजले. सासूबाईंना सांगणार नाहीये.)

पंत_फ्रिमाँट

ठीक आहे, माझ्यामुळे सगळ्यांची तत्त्वं तावून सुलाखून निघाली, अभिनंदन. रांगेत फुकटे असतात हे मी अजूनही म्हणेन, कारण असतात. सगळेच नसतात, हे तुम्ही म्हणताय, ऐकलं. डॉक्टर, त्या तुमच्या भागातल्या पॅन्ट्रीचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. दहा कुकर पाठवतो, वाद मिटेल.

खाणीतला_डॉक्टर

पत्ता करतो. कुकर नको पंत, रबर रिंग गेली तर तिथे मिळणार नाही आणि शिट्टी ऐकून लोक पोलीस बोलावतील. पाठवायचेच तर कॅन ओपनर पाठवा. माझ्या वेळी दर खेपेला पाच-सहा जण डबे परत आणून द्यायचे, उघडायला काही नाही म्हणून.

पंत_फ्रिमाँट

किती? शंभर पुरतील? इलेक्ट्रिक पाठवतो, चांगले असतात.

(गंमत केली हो रेवाताई, मारू नका. वाचलंय मी वरचं. हातानेच फिरवायचे पाठवतो.)