यकृताच्या कॅन्सरवर माहितीपत्रक: मसुद्यात काय ठेवावं, काय काढावं?

कागदकाम
आमचा गट यकृताच्या कॅन्सरवर एक पानी माहितीपत्रक काढतोय. मसुदा असा: वर आठ लक्षणं (कावीळ, वजन घटणं, पोटात पाणी वगैरे), मग 'दारू टाळा', शेवटी 'एएफपी ही रक्ततपासणी करून घ्या'. जाणकारांनी चिरफाड करावी. जागा एकाच पानाची आहे, तेव्हा काय काढायचं तेही सांगा.

सूक्ष्मदर्शी
लक्षणं खाली ढकला आणि दोन ओळींत उरका. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही, कळते ती वरच्या आवरणाला. गाठ त्या आवरणाला ताण देण्याइतकी मोठी होईपर्यंत माणूस ठणठणीत असू शकतो. म्हणजे ज्याने तपासून घ्यायला हवं, तोच यादी वाचून "मला यातलं काहीच नाही" म्हणत निर्धास्त होतो.

वरच्या जागी प्रश्न छापा. हिपॅटायटिस बी किंवा सी कधी पॉझिटिव्ह आलं होतं का? आईला, भावंडांना बी आहे का? सिऱ्होसिस (यकृतावर चट्टे पडून ते कडक होणं) आहे का, कारण कुठलंही असो? फॅटी लिव्हर आणि मधुमेह दोन्ही आहेत का? एकाचंही उत्तर 'हो' किंवा 'माहीत नाही' असेल तर डॉक्टरांकडे जा.

'दारू टाळा' राहू द्या, पण एकटं नको. न पिणारा ते वाचून पान उलटतो. बीचा विषाणू तर सिऱ्होसिस न होताही कॅन्सर करू शकतो.

करडी छटा
एएफपीची ओळ खोडा. लहान गाठींत ती बऱ्याचदा नॉर्मलच येते. उलट यकृताला सूज असली किंवा गरोदरपण असलं, की कॅन्सर नसताना वाढते. सरसकट सगळ्यांची केली तर निम्मे उगाच घाबरतात, निम्मे उगाच निश्चिंत होतात. ती सोनोग्राफीच्या जोडीला ठीक.

सिऱ्होसिस असलेल्यांनी आणि बीच्या जास्त जोखमीच्या रुग्णांनी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते. ६ ते ८ तास उपाशी जावं, नाहीतर गॅसमुळे यकृताचा काही भाग झाकला जातो. सगळ्यात फसवी जागा म्हणजे उजवीकडे श्वासपटलाखालचा घुमट. तिथली गाठ बरगड्यांआड जाते, म्हणून कुशीवर वळवून खोल श्वास घ्यायला लावतात. रिपोर्टमध्ये 'गाठ नाही' एवढंच वाचू नका, 'यकृत नीट दिसलं नाही' असा शेरा आहे का तेही बघा. स्थूल व्यक्तीत, चरबी साठलेल्या यकृतात तो बरेचदा असतो. तसं असेल तर सीटी किंवा एमआरआयबद्दल विचारा.

१ सेंमीच्या खालची गाठ दिसली तर साधारण ३ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. १ सेंमी किंवा मोठी असेल तर औषध टोचून टप्प्याटप्प्याचा सीटी किंवा एमआरआय. सिऱ्होसिसमध्ये तेवढ्यावर निदान पक्कं होऊ शकतं, दरवेळी तुकडा काढावा लागत नाही. ही सगळी धडपड आकारासाठी आहे. ३ सेंमीच्या आतली गाठ अनेकदा सुई घालून जाळता येते. यकृत प्रत्यारोपण कोणाला करावं हे ठरवणारे १९९६चे मिलान निकषही आकारावरच आहेत: एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, जास्तीत जास्त तीन असतील तर प्रत्येकी ३ सेंमीपर्यंत.

कागदकाम
एएफपी गेली. मग पत्रक वाटायच्या दिवशी हिपॅटायटिस बीची तपासणी ठेवावी का?

थेंबभर
ठेवा, पण पॉझिटिव्ह आलेल्याला पुढे कुठे पाठवायचं हे आधी ठरलेलं हवं. ते नसेल तर नका ठेवू. रिपोर्ट बंद पाकिटात द्या, नावं पुकारू नका. एकत्र जेवल्याने बी पसरत नाही, हे पत्रकात ठळक छापा. पसरतं ते रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून.

एचबीएसएजी (बीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह म्हणजे लगेच गोळ्या असं नाही. विषाणूचं प्रमाण आणि एसजीपीटी (यकृताची सूज दाखवणारी रक्तचाचणी) बघून ठरवतात. सुरू झालेल्या गोळ्या मात्र मनाने बंद करायच्या नाहीत, आजार उसळतो. निगेटिव्ह असून संरक्षण नसलेल्यांना लस: आज, १ महिन्याने, ६ महिन्यांनी. नवजात बाळाला पहिला डोस २४ तासांच्या आत. तैवानने १९८४ मध्ये बाळांना सार्वत्रिक लसीकरण सुरू केलं आणि पुढे तिथे मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. 'लस घ्या' या ओळीला याहून चांगला आधार सापडणार नाही.

सीला लस नाही, पण ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात. अँटिबॉडी चाचणी त्यानंतरही पॉझिटिव्हच येत राहते, म्हणून आरएनए, म्हणजे रक्तात विषाणू अजून आहे का, ते तपासावं. आणि सी बरा झाला तरी सिऱ्होसिस असेल तर सोनोग्राफी चालूच.

सूक्ष्मदर्शी
फॅटी लिव्हरवाल्यांसाठी फिब-४ छापा. यकृतावर किती चट्टे पडले असतील याचा अंदाज देणारा हा आकडा साध्या रिपोर्टवरून निघतो. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखीच रक्तचाचणी), भागिले (प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ). उदाहरण: वय ५५, एसजीओटी ६०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.५ लाख. ३३०० भागिले (१५० × ८), म्हणजे २.७५. १.३च्या खाली जोखीम कमी, २.६७च्या वर यकृततज्ज्ञ गाठायचा. पासष्टी ओलांडलेल्यांना खालची रेघ २ धरा. पस्तिशीच्या आत या आकड्यावर विसंबू नका.

कागदकाम
हाच हिशेब मी केला तर २७५ आला!

सूक्ष्मदर्शी
प्लेटलेट लाखात घातले असणार. हजारात घाला, १.५ नव्हे, १५०. पत्रकात सूत्राशेजारीच हे लिहा, इथे हमखास चूक होते.