प्रति: क्रिएटिनिन वाढलंय, सांधे दुखतात, तळपाय जळतात

ताई, तुमच्या वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते) वाढल्याचं आणि दुखण्याचं वाचून आमचे सासरे आठवले. नाशिकला पंचवटीत राहतात, वीस वर्षांची शुगर. रोज गोदाकाठी फिरणारा माणूस, पण एका रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद, चादरही सहन होईना. रक्तात युरिक ॲसिड निघालं ९.४, म्हणजे खूपच जास्त. कमजोर झालेली किडनी ते नीट बाहेर टाकत नाही, मग सांध्यात त्याचे खडे साठतात. तळपायांची आग मात्र शुगरने नसा खराब झाल्याची. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ व्हिटॅमिन तपासून बघाच, ते कमी झालं तरी मुंग्या येतात. हाडं दुखत असतील तर कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) यांच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा, किडनी बिघडली की तेही बिघडतात. आणि हो, मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी नकोच, किडनीला मारक! सासऱ्यांनी महिनाभर गुपचूप खाल्ली, उशीखाली पाकिटं सापडली. क्रिएटिनिन १.६ वरून २.४ वर गेलं.