अभयारण्याबाहेरच्या तळ्यांना आणि मिठागरांना संरक्षण हवे का?

शिवडीकर (चर्चेचा प्रस्ताव)

ठाणे खाडीत 2015 मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांसाठी अभयारण्य घोषित झाले. 2022 मध्ये या अभयारण्याच्या सुमारे 1,690 हेक्टर क्षेत्रासह खाडीचा साधारण 6,521 हेक्टर भाग रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. एवढ्याने पक्ष्यांची व्यवस्था लागली असे अनेकांना वाटते, परंतु माझ्या मते आपण त्यांचा केवळ ओहोटीचा वेळ राखला आहे आणि भरतीचा वेळ वाऱ्यावर सोडला आहे.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, तेव्हा छोटा रोहित वाकड्या चोचीने पाणी गाळून सूक्ष्म शैवाल टिपतो आणि उत्तरेकडून हिवाळ्यासाठी आलेले तुतवार व चिखल्या चिखलातले किडे, शिंपले शोधतात. भरती चढली की हे ताट पाण्याखाली जाते. आखूड पायांच्या तुतवारांना तेथे उभेही राहता येत नाही, त्यामुळे नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्सची एनआरआय, टी. एस. चाणक्य आणि डीपीएस तळी, उरणचे पाणजे अशा उथळ जागी हे थवे पाणी ओसरेपर्यंत थांबतात. उधाणाच्या दिवसांत तर त्यांना दुसरा आसराच उरत नाही. परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवावी लागते, आणि विसाव्याची जागा शोधत घातलेली प्रत्येक घिरटी तीच चरबी जाळते. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेने 2022 मध्ये रोहितांना उपग्रह टॅग लावले, त्यातूनही भरतीच्या वेळी खाडीतून सीवूड्सच्या तळ्यांकडे होणारी ही ये-जा दिसून आली. म्हणून या तळ्यांना, आणि शक्य तेथे मिठागरांनाही, अभयारण्याइतकेच संरक्षण मिळावे, असा माझा आग्रह आहे.

मुलुंडकर

आपली कळकळ मला समजते, तरी आपल्या मागणीला माझा विरोध आहे. मिठागरे निसर्गाने घडवलेली नाहीत. माणसाने बांध घालून ती मिठासाठी तयार केली, आणि 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांनी मीठ उत्पादनासाठी बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे स्पष्टपणे वगळली आहेत. कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे 256 एकर मिठागरांची जमीन धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय 2024 मध्ये झाला. त्या घरांची वाट पाहणारी माणसे दहा बाय दहाच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. मुंबईत मोकळी जमीन किती उरली आहे, हे आपण जाणता.

दुसरा मुद्दा विमानांचा. मे 2024 मध्ये घाटकोपरवर रोहितांच्या थव्याला विमानाची धडक बसून चाळीसच्या आसपास पक्षी मेले. आता नवी मुंबईतही विमानतळ झाला आहे. त्याच्या परिसरात मोठ्या थव्यांना बोलावणाऱ्या जागा मुद्दाम राखणे प्रवाशांच्या आणि पक्ष्यांच्याही जिवाशी खेळणे ठरेल.

दिवाळेकर

मी कोळीवाड्यातला आहे. अभयारण्य म्हटले की आमच्या होड्यांवर आणि जाळ्यांवर प्रथम बंधने येतात, हा अनुभव असल्यामुळे नवीन संरक्षणाकडे मी सावधपणे पाहतो. शिवाय तळ्यांच्या या चर्चेत खाडीकडे दुर्लक्ष होत आहे. गाळ वाढून खाडी उथळ होत आहे आणि जेथे उघडा चिखल होता तेथे तिवर (खारफुटीची झाडे) पसरत आहेत. कांदळवन वाढले म्हणून सर्वजण आनंद मानतात, पण झाडी दाटली की रोहितांना चरायला जागा उरत नाही आणि आमच्या जुन्या वाटाही बंद होतात. नाल्यांतून येणारे सांडपाणी थांबले नाही, तर ना मासळी राहील ना पक्षी.

शिवडीकर

दिवाळेकर, तिवरांविषयीचे आपले निरीक्षण महत्त्वाचे आहे. उघडा चिखल हा स्वतंत्र अधिवास आहे, आणि केवळ झाडांचे क्षेत्र मोजून खाडीची प्रकृती कळणार नाही. तळ्यांच्या संरक्षणात मासेमारीवर बंदी आणण्याची गरज मला दिसत नाही. तेथे लागतो तो भरतीचे पाणी आत-बाहेर जाण्याचा मोकळा मार्ग. डीपीएस तलावाचे हे मार्ग अडले तेव्हा तो सुकला आणि रोहितांनी तिकडे पाठ फिरवली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

मुलुंडकर, घरांची निकड मी नाकारत नाही. परंतु 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि तसा पाऊस भरतीच्या वेळी आला तर पाणी साठवून घेणाऱ्या सखल जमिनीवरच आपण त्या कुटुंबांना वसवणार आहोत. माणसाने बांधले म्हणून मिठागर निरुपयोगी होत नाही. घोट्याइतके पाणी धरणाऱ्या त्या बांधांमुळेच ते तुतवारांच्या उपयोगी पडते. विमानांविषयी म्हणाल, तर तळी बुजवल्याने थवे मुंबई सोडून जाणार नाहीत, कारण त्यांचे अन्न खाडीत आहे. बसायला जागा न मिळाल्यास ते भरतीभर हवेत फिरतील, आणि धडकेचा धोका त्यातूनच अधिक संभवतो.

मुलुंडकर

ते हवेत अधिक वेळ राहतील, हे अनुमान आहे. विमानतळापासूनचे अंतर आणि उड्डाणांच्या वाटा पाहून प्रत्येक तळ्याचा वेगळा विचार व्हावा, इथपर्यंत मी आपल्याबरोबर येतो. मिठागरांबाबत मात्र माझे मत बदललेले नाही.

शिवडीकर

तळ्यागणिक विचार मला मान्य आहे. मात्र तो पूर्ण होईपर्यंत एकाही तळ्यात भराव पडू नये आणि भरतीचा एकही मार्ग बंद होऊ नये, ही अट मी सोडणार नाही.