कापसाच्या जिनिंगजवळचं घर: पीसीला धूळ अडवणारी जाळी लावली की जीपीयू (ग्राफिक्सची चिप) तापतो

प्रश्न: जळगाव, उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास. पीसीच्या कॅबिनेटला पुढे दोन १२० मिमी फॅन आत, मागे एक आणि वर दोन बाहेर. जाळी काढली की धूळच धूळ. काय करावं?

उत्तर १: भाऊ, वरचे दोन्ही काढा, तिथली भोकं झाका. बाहेर फेकणारे जास्त झाले की आत दाब घटतो आणि मागच्या फटींतून न गाळलेली हवा घुसते. पुढचे १००० आरपीएम (मिनिटाला फेरे), मागचा ८००. फटीजवळ अगरबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर मागचा अजून कमी करा.

उत्तर २: बरोबर, पण कापसाचे तंतू जाळीवर थर धरतात, दाब तिथंच मरतो. हंगामात आठवड्याला धुवा, पूर्ण वाळवूनच लावा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटानं धरा, नाहीतर बेअरिंग जातं.

उत्तर ३: आणि खोलीतल्या एअर कूलरच्या झोतात कॅबिनेट नकोच! ओलाव्यानं धूळ हीटसिंकला (चिपची उष्णता काढणाऱ्या धातूच्या भागाला) चिकटते.