अनुभव धागा: परसातल्या तळ्यात पाणी खेळवायला काय बसवलंत?

गडगा (गुहागर)

घरामागच्या आगरात आजोबांनी माड-पोफळीच्या शिंपण्यासाठी बांधलेली टाकी आहे. १० फूट बाय ७ फूट, अडीच फूट खोल, म्हणजे काठोकाठ भरली तर ५००० लिटरच्या आसपास. ठिबक आल्यापासून कोरडी पडून होती, पालापाचोळा आणि झावळ्या टाकायची जागा झालेली. दोन वर्षांपूर्वी आतून सिमेंट करून घेतलं, कुमुदं लावली, गप्पी मासे सोडले. आता सगळं छान आहे, फक्त पाणी निपचित पडून असतं.

काहीतरी वाहतं हवंय. मुलीला कारंजं हवं, बायकोला गोमुख, मला दगडांवरून उतरणारा धबधबा. एका शहरी दुकानदाराने तिन्हीची दरपत्रकं पाठवलीत, पण त्याने कोकणातला पाऊस बघितलेला दिसत नाही. ज्यांनी आपल्या पट्ट्यात केलंय त्यांनी लिहा. काय निवडलं, काय फसलं, मे महिन्यात काय करता? फोटो नसले तरी चालेल, पण आकडे द्या.

खारावारा (अलिबागजवळ)

मुलीची समजूत काढा. आमचं घर समुद्रापासून ३०० मीटरवर. हौसेने पाच फूट उंच उडणारं कारंजं बसवलं. सकाळी काय देखणं दिसायचं! अकरा वाजले, वारा सुटला की पाणी तळ्यात कमी आणि पडवीत जास्त. मेमध्ये रोज तीन-चार बादल्यांची भर घालावी लागायची.

नंतर कळलं की फवाऱ्याची उंची तळ्याच्या रुंदीच्या निम्म्याच्या वर नेऊ नये. किनाऱ्यावर मी तर एक तृतीयांश म्हणेन. तुमच्या सात फुटांत दोन-सव्वादोन फूट, बस.

दुसरं म्हणजे बोअरचं पाणी मचूळ. नोझलची बारीक भोकं महिन्याभरात पांढऱ्या क्षाराने बुजली. सुईने टोकरा, व्हिनेगरमध्ये भिजवा, पुन्हा तेच. 'स्टेनलेस' म्हणून घेतलेल्या तोटीवर पहिल्याच वर्षी तांबूस ठिपके आले. ते ३०४ प्रतीचं होतं. खाऱ्या हवेत ३१६ तरी हवं, नाहीतर सरळ प्लास्टिक.

शेवटी वैतागून नोझल काढून फेकलं आणि नळीचं उघडं तोंड पाण्याखाली बोटभर ठेवलं. आता मधोमध पाण्याचा एक जाड उमाळा येतो. वारा काही करू शकत नाही, बुजायला भोकं नाहीत. मुलं त्याला 'भाताचं आधण' म्हणतात.

चिरेबंदी (लांजा)

धबधबा मी केलाय, तेव्हा त्याची रड मीच सांगतो.

घरची चिऱ्याची खाण, म्हणून जांभ्याच्याच पाच पायऱ्या रचल्या. दिसायला सुंदर, शेवाळ धरल्यावर तर विचारू नका. पण रोज दोन-अडीच इंच पाणी गायब. गवंडी म्हणाला तळं गळतंय, रिकामं करा. मी आधी एक केलं. पंप बंद ठेवून रात्री काठावर खडूने खूण केली. सकाळी पाणी जवळजवळ खुणेवरच. दुसऱ्या रात्री पंप चालू ठेवला, तर दोन इंच खाली. म्हणजे चोर धबधब्यात. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि सांध्यांतून मागच्या मातीला पाजतो.

सगळ्या पायऱ्या उचलून खाली शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अंथरला, कडा दोन्ही बाजूंनी वर घेतल्या, खालचं टोक तळ्यात सोडलं आणि पुन्हा चिरे रचले. तेव्हा थांबलं. जिथून पाणी सुटतं तिथे मात्र जांभा नको. काळ्या दगडाची लादी पुढे काढून बसवा आणि तिच्या पोटाला, कडेपासून बोटभर आत, आडवी खाच मारून घ्या. खाच नसली की पाणी लादीला चिकटून मागे वळतं.

पंपाचं: खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. माझा २००० लिटर प्रतितासवाला पंप चार फुटांवर जेमतेम निम्मं पाणी देत होता. पडदा पडायच्या ऐवजी लादीवरून तीन लाळा गळायच्या. रुंदीच्या दर इंचाला तासाला ३०० ते ४०० लिटर धरा, तेही वरच्या उंचीला मिळणारं. ८ इंची लादीला म्हणजे ३००० च्या घरात.

नारळीपोफळी

वीजबिल किती येतं ते कोणीच लिहीत नाहीये.

खारावारा

माझा पंप ४० वॅटचा, दिवसाचे १० तास. महिन्याला १२ युनिटं. फ्रिजपुढे काहीच नाही. चिरेबंदींचा जास्त खात असणार.

चिरेबंदी

खातो. म्हणून संध्याकाळी तीन तासच. पाहुणे आले तर पाच.

सुपारीचा डाग (दापोली)

गोमुखाच्या बाजूने मी. आसूदच्या केशवराजाला गेला असाल तर ते गोमुख बघितलं असेल, बारमाही वाहणारं. तो आवाज घरी आणायचा म्हणून आम्ही तयार सिमेंटचं गोमुख आणलं आणि भिंतीत दोन फुटांवर बसवलं.

आवाज आला, पण केशवराजाचा नाही. थेट नळ उघडा राहिल्याचा! शेजारच्या आजी दोनदा उठून आल्या, "अगो, मोरीतला नळ बंद कर." रात्री झोपेत आम्हालाही तेच वाटायचं. उंची नऊ इंचांवर आणली आणि धार सरळ पाण्यात न पाडता खाली ठेवलेल्या दगडावर पाडली, तेव्हा कानाला बरं वाटू लागलं. उंचीचा निर्णय सिमेंट लावायच्या आधी घ्या. पंप आणि नळी बादलीत लावून, हाताने वरखाली धरून, डोळे मिटून ऐका. आम्ही हे सगळं केल्यावर शिकलो.

कोऱ्या सिमेंटमधून चुना सुटतो तोही लक्षात ठेवा. आमचे पहिले सहा मासे त्यातच गेले. नवीन वस्तू दोन-तीन आठवडे वेगळ्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवा.

आणि माशांची मदार पंपावर नको. निसर्ग वादळानंतर, ३ जून २०२० पासून, आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मासे थोडे होते म्हणून तगले.

परड्यातली (मालवण)

माझ्या अनुभवात विजेपेक्षा सासूबाई अवघड. कारंज्याचं नाव काढलं तर म्हणाल्या, "हय प्यायाक पाणी नाय आणि तुका कारंजा व्हया!" आणि खोटं काय आहे त्यात? पाऊस चार महिने कोसळतो, पण एप्रिल उजाडला की विहिरीचा तळ दिसतो. वाडीत टँकर येत असताना आपल्या दारात पाणी उडताना दिसणं मलाही प्रशस्त वाटेना. पाणी तेच फिरतंय हे प्रत्येकाला कुठे समजावत बसणार?

तरंगणारं छोटं सौर कारंजं घेतलं. ऊन आलं की उडतं, ढग आला की बसतं. लोक त्याला नावं ठेवतात, पण पावसाळ्यात हवंय कोणाला? मे महिन्यात मी ते उचलून फळीवर ठेवते. कुमुदांपासून लांब बांधून ठेवा मात्र. पानांवर सतत थेंब पडलेले त्यांना आवडत नाहीत, माझी दोन कुजली.

पाणी हललं की डास होत नाहीत असं दुकानदार सांगतात. मधलं पाणी हलतं, कोपरे नाही. आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आमच्याकडे काम केलं ते गप्पींनी.

वहाळकाठ (कुडाळ)

गप्पींचंच एक. पहिल्या वर्षी जूनमध्ये तळं भरून वाहिलं आणि निम्मे मासे वहाळात, म्हणजे ओढ्यात. ते बाहेरचे मासे, वहाळात जायला नकोत. आता सांडव्याला जाळी आहे आणि काठ जमिनीपासून सहा इंच वर घेतलाय, नाहीतर लाल माती थेट आत येऊन पंप गुदमरतो. खंड्या रोज हजेरी लावतो. दिवड येते, बेडकांसाठी. ती बिनविषारी आहे, काठी शोधू नका.

वायरमनची लेक

सगळे दगड-धोंड्यांवर बोलताय. ३० मिलीअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण, लावलंय का? घरातलं एमसीबी माणसाला वाचवत नाही, ते वायरीला वाचवतं. कातळावर घर असेल तर अर्थिंग तपासून घ्या, कोरड्या जांभ्यात ते नीट लागत नाही. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही.

गडगा

सगळ्यांचे आभार. वायरमनच्या लेकीचं आधी ऐकलं, आरसीसीबी बसलं.

तुमचं वाचून तिन्ही दरपत्रकं बाजूला ठेवली. आगरात वाऱ्याने पडलेली एक पोफळ होती. बाबांनी ती मधोमध फोडली, गाभा कोरून काढला आणि पन्हळ केली, पूर्वी रहाटाचं पाणी माडांपर्यंत न्यायचे तशी. गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, टेकवून पाण्यापासून फूटभर उंचीवर ठेवलीय. पंप १५०० लिटरचा, ३० वॅट. खाली फुटक्या जात्याची तळी.

चिरेबंदी

पोफळ दोन पावसाळ्यांत कुजेल.

गडगा

कुजू दे, पोफळींना तोटा नाही. अडचण वेगळीच आली. काल चालू केलं तर पाणी पन्हळीच्या तोंडातून न पडता पोटाखालून मागे वळलं आणि गडग्यात मुरलं. तुमची खाच आठवली, पण पोफळीच्या तंतूंत खाच काही नीट बसेना. मी सुरी, पत्रा, प्लास्टिकची बाटली, सगळं करून बघितलं. बाबा बघत उभे होते. त्यांनी फणसाचं एक पान तोडलं, पन्हळीच्या तोंडात देठाकडून सरकवलं आणि वर खडा ठेवला. पानाच्या टोकावरून धार सुटली ती सरळ जात्यावर.

आज दुसरा दिवस. पान अजून हिरवं आहे, कडेने जरा चिरलंय.

सुपारीचा डाग

रात्री ऐका आणि मग सांगा. नळासारखं वाटतंय का?

गडगा

रात्री ऐकायला गेलो होतो. बेडकांपुढे काही ऐकू आलं नाही.