पुणे–कोलकाता विमान: अंतर तेच, मग परतीला जास्त वेळ का?

कोथरूडकर:
जानेवारीत आईबाबा थेट विमानाने कोलकात्याला जातील, तिथून हावड्याला जाऊन बोलपूरची गाडी धरतील. नकाशावर सरळ अंतर 1,580 किमीच्या आसपास दिसतं. ताशी 830 किमी धरले तर दोन तासही लागू नयेत. तिकिटावर मात्र जाताना अडीच तास आणि येताना पावणेतीनच्या पुढे! हे कसं? आणि गाडी किती वाजताची काढावी?

वाऱ्याचीदिशा:
तिकिटावरची वेळ उड्डाणाची नसते. विमान जागेवरून मागे ढकललं की घड्याळ सुरू होतं, ते तिकडे जागेवर लागेपर्यंत. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग आणि उतरल्यावर जागेपर्यंत जमिनीवरून चालणं (टॅक्सिंग) यातच 20-25 मिनिटं जातात. शिवाय 10,000 फुटांखाली वेग 250 नॉटच्या आत, म्हणजे ताशी 463 किमीपर्यंतच ठेवतात. 830 चा वेग फक्त मधल्या टप्प्यात मिळतो.

जाण्यायेण्यातला फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात त्या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो. तो ताशी 100 किमी धरा: जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग 930, येताना 730. 1,580 ला भागलं तर 1 तास 42 मिनिटं आणि 2 तास 10 मिनिटं. जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक इथेच पडला. जुलै-ऑगस्टमध्ये या पट्ट्यात वरचा वारा पूर्वेकडून असतो, तेव्हा हा फरक पुसला जातो किंवा उलटतो. पुणे–दिल्ली दक्षिणोत्तर असल्याने तिथे तो एवढा जाणवत नाही.

अक्षांश_रेखांश:
अंतर बरोबर आहे, हातानेही पडताळता येतं. लोहगाव (पुणे विमानतळ) 18.58 उत्तर, 73.92 पूर्व; दमदम (कोलकाता विमानतळ) 22.65 उत्तर, 88.45 पूर्व. अक्षांशातला फरक 4.07 गुणिले 111 (एका अंशाचे किमी), म्हणजे 452 किमी. रेखांशातला 14.53, पण रेखांश उत्तरेकडे जवळ येतात, म्हणून 111 बरोबर मधल्या अक्षांशाच्या कोसाइननेही (0.936) गुणायचं: 1,510 किमी. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: साधारण 1,576. कोसाइन विसरलात तर शंभरेक किमी जास्त येतात, बहुतेकांची चूक तिथेच होते. रेल्वेने हेच अंतर 2,000 किमीच्या घरात जातं, त्यामुळे त्या आकड्यावरून विमानाचा वेळ काढू नका.

विमाननगरकर:
गाडीचं तिकीट वेगळं आहे, त्यामुळे विमान उशिरा पोचलं तर गाडीची भरपाई कोणी देणार नाही. उतरण्याच्या वेळेपासून निदान चार तासांनंतरची गाडी घ्या. सामान यायला अर्धा तास, टॅक्सीने हावड्याला तासभर, पुलाजवळ कोंडी झाली तर दीड. उरलेला वेळ धुक्यासाठी. जानेवारीत कोलकात्याला पहाटे धुकं दाट असतं, म्हणून सकाळी लवकर पोचणारं विमान टाळा, दुपारचं बरं. मेट्रो आता विमानतळापासून आहे, पण नोआपाडा आणि एस्प्लनेडला बदलावी लागते. बॅगा घेऊन ज्येष्ठांना ते नको.

इकडे लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी एकच. विमानांची रांग लागली की ती लवकर हलत नाही. सामानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून संध्याकाळचं विमान असेल तर कोथरूडहून साडेतीन तास आधी निघा. वनाझ–रामवाडी मेट्रो सरळ आहे. रामवाडीला उतरून पुढचे चारेक किमी रिक्षाने.